साडेचार साहेबांचं रक्त

आमच्या साखरमुक्त मंडळात कोणालाही नावाने हाक मारायची नाही, असा नियम होता. नियम आमच्या ह्यांनीच केलेला. नावात अहंकार असतो, अंकात नसतो, असं ह्यांचं म्हणणं. त्यामुळे मंडळात आलेल्या माणसाला त्याच्या शेवटच्या तपासणीत जो अंक आला असेल तोच चिकटायचा. तपासणी म्हणजे ती, रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर किती लागली आहे ते बघणारी. गेल्या तीन महिन्यांची सगळी पापं ती एका आकड्यात सांगते. साडेपाचच्या आसपास असलात तर तुम्ही माणसात आहात. साडेसहाच्या वर गेलात तर मधुमेही. आणि नऊ असलात तर लोक तुमच्या पिशवीकडे संशयाने बघतात, आत मिठाई दडवली असेल म्हणून.

बसायचंही अंकाप्रमाणेच. सभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. सर्वांत कमी अंक पहिल्या रांगेत पंख्याखाली, सर्वांत जास्त अंक शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ. दर तीन महिन्यांनी माणसांची नावं आणि जागा बदलत. मागच्या खेपेचे 'सहा' ह्या खेपेला 'सात' होऊन मान खाली घालून मागे सरकत. तिथे बसलेले लोक त्यांना हसून जागा करून देत, कारण माणूस घसरला की बाकीच्यांना जरा बरंच वाटतं.

फक्त पहिल्या रांगेतलं एक नाव कधी बदललं नाही. आमचे हे कायम साडेचार. लोक ह्यांना साडेचार साहेब म्हणत आणि मला साडेचार वहिनी. मला साखर नाही, माझा अंक कोणी विचारलेलाही नाही, तरी पहिल्या रांगेत ह्यांच्या शेजारी माझी खुर्ची ठेवलेली असे. लग्न केलं की असं बरंच काही आपोआप मिळतं.

हे नोकरीत होते तेव्हा वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. दुकानात शिरले की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. काटा उलटा करायचा, तळाशी चिकटवलेलं लोहचुंबक ओढून काढायचं आणि गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराच्या नाकासमोर धरायचं, ह्यात ह्यांना जो आनंद मिळायचा तो आमच्या लग्नातल्या फोटोतही दिसत नाही. निवृत्त झाले आणि तपासायला काही उरलं नाही. मग मी भाजीवाल्याकडून आणलेली भाजी हे घरातला तराजू काढून पुन्हा तोलायला लागले. मी वैतागले होते. तेवढ्यात ह्यांना साखर निघाली, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ह्यांनी त्या घेतल्या, शिवाय भात सोडला, गोड सोडलं, मीठ न घातलेल्या उकडलेल्या भाज्या सुरू केल्या. तीन महिन्यांनी तपासणी केली तर अंक साडेचार. निरोगी माणसाचासुद्धा सहसा इतका खाली येत नाही. ह्यांनी त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. पुढच्या खेपेला गोळ्यांशिवायही साडेचार. झालं! हे हवेत तरंगायला लागले. वर्षभरात मंडळ निघालं, मंडळाचे नियम निघाले. पहिला नियम अंकाचा आणि दुसरा गोळ्यांचा. गोळी म्हणजे कुबडी, आणि मंडळात येणाऱ्याने कुबडी दाराबाहेर ठेवून यायचं.

आता घरात काय चाललं होतं ते सांगते. हे रात्रीतून सारखे उठत आणि तांब्याने पाणी पीत. विचारलं तर म्हणत, शरीराचं शुद्धीकरण चाललंय. वजन उतरत होतं, गालफडं बसली होती. म्हणत, चरबी जळतेय. दुपारी बसल्या बसल्या मान टाकत. म्हणत, ध्यान लागतं. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तो मात्र म्हणे चष्मेवाल्याच्या यंत्रात दोष असल्यामुळे.

मी घरी साखर बघायचं छोटं यंत्र आणलं. मिनतवाऱ्या करून एकदा ह्यांच्या बोटातून थेंब काढला. आकडा आला तीनशे अठरा. असायला हवा तो दोनशेच्या आत. ह्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवून त्याची पाठ न्याहाळली आणि म्हणाले, "ह्याच्यावर तपासणीचा शिक्का कुठाय?"

"अहो, शिक्का राहू द्या. आकडा बघा."

"बिनशिक्क्याच्या काट्याचा आकडा मी आयुष्यभर मानला नाही. आणि हा एका क्षणाचा आकडा आहे. तीन महिन्यांचा काय म्हणतो? साडेचार. क्षण खोटं बोलू शकतो, तीन महिने नाही."

असं म्हणून ते उकडलेला दुधी खायला बसले. यंत्र दुसऱ्या दिवशी केराच्या डब्यात सापडलं. मी ते धुऊन पुसून कपाटात ठेवलं, पण पुन्हा काही ह्यांनी बोट पुढे केलं नाही.

मंडळात सगळ्यात मागे बसायचा तो शिंपी. आमच्याच गल्लीत त्याचं दुकान. चार वर्षं त्याचा अंक नऊच्या आगेमागे होता, म्हणून त्याचं नाव नऊ पडलं ते पडलंच. दर सभेत हे त्याला उभं करत. "नऊ, खरं सांग, काय खाल्लंस?" तो शपथेवर सांगायचा, साहेब, तुम्ही सांगितलं तेवढंच. लोक खुदुखुदु हसत. भला माणूस, हसण्यात आपणही सामील होई. मला त्याची लाज वाटायची, म्हणजे त्याच्यासमोर स्वतःची.

मंडळाच्या वर्धापनदिनाला हे नवा सूट घालणार होते. जुनी पँट नऊने इतक्यांदा आवळली होती की दोन्ही खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटायला आले होते. नवी पँट घालून बघायची होती, तेव्हा मीही बरोबर गेले. हे बूट काढून स्टुलावर उभे राहिले आणि नऊ खाली बसून पायाशी टाचण्या लावायला लागला. तोंडात टाचण्या असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं, आणि ह्यांना असाच श्रोता आवडतो.

"तुझा प्रश्न जिभेचा आहे, नऊ," हे वरून म्हणत होते. "जीभ जिंकली की रक्त जिंकलं. माझं बघ."

नऊने एक टाचणी खोचली आणि एकदम हात मागे घेतला. मी वाकून बघितलं. टाचणी कापडातून आरपार जाऊन ह्यांच्या टाचेच्या वर अर्धीअधिक रुतली होती. बाजूने रक्ताचा ओघळ निघाला होता.

"संयम म्हणजे काय," हे म्हणाले, "तर मनाने शरीराला दिलेली आज्ञा."

नऊने तोंडातल्या टाचण्या हातात काढल्या. "साहेब... लागलं नाही तुम्हाला?"

"काय लागायचंय?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. टाचणी त्याने हळूच ओढून काढली, तरी वर भाषण चालूच होतं. घरी आल्यावर मी ह्यांना जबरदस्तीने पलंगावर बसवलं आणि मोजे ओढले. उजवा मोजा अंगठ्याखाली चिकटला होता. सोडवला तर तिथे रुपयाएवढी जखम, कडा पांढऱ्या, मधे काळपट, आणि वास असा की मी मान फिरवली. "नवीन बूट चावला असेल," हे म्हणाले. बूट घेऊन सहा महिने झाले होते. मला रडू फुटलं. "अहो, पाय जाईल तुमचा," मी म्हटलं. त्यावर ह्यांनी मला पुढच्या तपासणीची तारीख सांगितली.

तपासणी झाली, पण अंक आलाच नाही. प्रयोगशाळेतून फोन आला, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना भेटायला बोलावलंय. हे मोठ्या ऐटीत निघाले. त्यांना वाटलं, अंक चारच्याही खाली गेला असणार.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी खुर्च्या ओढून दिल्या आणि सरळ विषयाला हात घातला. "आम्ही नवीन यंत्र घेतलंय. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मग मोजतं. तुमचा अंक द्यायला ते तयार नाही."

"म्हणजे बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. तुमचं हिमोग्लोबिन नेहमीचं नाहीये."

"हिमोग्लोबिन सगळ्यांचं एकच नसतं का हो?" मी विचारलं.

"नाही ना. पोटातल्या बाळाचं वेगळं असतं. त्याला आईच्या रक्तातला ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून ते जास्त ताकदीने धरून ठेवतं. बाळ जन्मलं की ते हळूहळू जातं आणि मोठ्यांचं येतं. मोठ्यांमध्येही मुख्य एक आणि थोडंसं दुसरं असतं. आणि काही जणांना आईकडून नाहीतर वडिलांकडून जरासं बदललेलं मिळतं. एखाद्या बदलाने माणूस जन्मभर आजारी राहतो, एखाद्याचा पत्ताही लागत नाही. तुमचा असा पत्ता न लागणारा. ऑक्सिजन नीट वाहून नेतं, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त त्या तांबड्या पेशी लवकर मोडतात. इतरांच्या चारेक महिने टिकतात, तुमच्या महिनाभर टिकत असतील तर पुष्कळ. साखर चिकटायला वेळच मिळत नाही. म्हणून अंक खाली यायचा."

मला लगेच कळलं. स्वयंपाकघरात नुसतं डोकावून गेलेल्या माणसाच्या कपड्यांना तळणाचा वास लागत नाही, एवढंच ते होतं. म्हणून आत काही तळलंच जात नाही, असं कोण म्हणेल? आमच्या ह्यांनी चार वर्षं म्हटलं, आणि सभा भरवून म्हटलं.

"तुमची आजची उपाशीपोटीची साखर तीनशे चाळीस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध कोणतं चालू आहे?"

ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मग मीच उठले, ह्यांचा बूट काढला, मोजा काढला. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. त्या खाली वाकून बघत राहिल्या. "हे माझं काम नाही, पण आज रुग्णालयात जा. आज म्हणजे आज. बोट वाचेल असं मला वाटत नाही. उशीर केलात तर पाय वाचवणं अवघड होईल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे विचारात पडले होते. मला वाटलं, घाबरले. देवा, एकदाचे घाबरले.

"असं हिमोग्लोबिन किती लोकांत असतं?" ह्यांनी विचारलं.

"फार कमी. आमच्याकडे तर तुम्ही पहिलेच."

पहिलेच! त्या पोरीने तो शब्द गिळला असता तर तिचे उपकार झाले असते. ह्यांची छाती फुगलेली मला कोटावरून दिसली. बाहेर येईपर्यंत ह्यांनी ठरवून टाकलं की रुग्णालयात वर्धापनदिन झाल्यावर जायचं. मी हातापाया पडले, भांडले, मुलीला फोन लावून दिला. मुलगी फोनवर रडली. हे तिला म्हणाले, "बाळ, परवा सभा आहे, एवढी माणसं येणार, त्यांचा विश्वास आहे माझ्यावर." हट्टी माणसाला उचलून नेता येत नाही, तिथेच माझं अडलं.

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. पावणेसहा बाई आमच्या चिटणीस, पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्या खुर्च्या लावून घेत होत्या. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचा ह्या खेपेचा अंक?"

नवीन सुटातले हे व्यासपीठावर चढले. उजवा पाय घासत चालले होते, पण ते फक्त मला दिसत होतं. "मित्रहो," हे म्हणाले, "ह्या वेळी मला अंक मिळालेला नाही. शहरातल्या सर्वांत नव्या यंत्राने हात टेकले. माझं हिमोग्लोबिन वेगळ्या रूपाचं आहे. साखर त्याला चिकटूच शकत नाही. मी आता अंकापलीकडे गेलो आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "साहेब, असं हिमोग्लोबिन कोणत्या आहाराने येतं?"

आणि आमचे हे, ज्यांना ते आईच्या पोटातून फुकट मिळालं होतं, ते म्हणाले, "चांगला प्रश्न आहे."

मग नऊची पाळी आली. त्याचा अंक ह्या खेपेला आठवर आला होता. बिचारा जरा हसऱ्या चेहऱ्याने उभा राहिला. हे म्हणाले, "चार वर्षांत नऊवरून आठ! मंडळाला हे शोभत नाही. लोकहो, चोरून खाल्ल्याशिवाय असं होत नसतं." नऊचं हसू गेलं.

माझं डोकं फिरलं. मी खुर्चीवरून उठले आणि तिथूनच बोलायला लागले, माईक-बिईक काही नाही. "ह्यांची साखर तीनशे चाळीस आहे. ह्यांचा अंक कधीच खरा नव्हता. रक्तातल्या पेशी लवकर मोडतात म्हणून तो कमी यायचा, ह्यांनी काही जिंकलेलं नाही. तुम्ही ज्याला हसताय त्याचा नऊ खरा होता, आठही खरा आहे. आणि ह्यांचा पाय सडायला लागलाय. हे खोटं असेल तर बूट काढून दाखवायला सांगा त्यांना."

हे व्यासपीठावरून माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच काट्याखाली लोहचुंबक लावलंय.

"तुम्ही सगळे घरी जा," मी म्हटलं. "ह्यांचं ऐकून ज्या गोळ्या बंद केल्यात, त्या आजपासून सुरू करा. तुमच्या पायांचं पाप आमच्या घराला नको."

कोणीच हललं नाही. मग मागून नऊ हळूच म्हणाला, "वहिनी, माफ करा. मी बंद केल्याच नव्हत्या."

"काय?"

"साहेबांना नाही कसं म्हणायचं? म्हणून हो म्हटलं. पण घरी घेत होतो."

पावणेसहा बाईंनी पर्स उघडली, चाचपडल्या, आणि गोळ्यांची एक पट्टी काढून समोर धरली. "मला वाटायचं, मी एकटीच घेते," त्या म्हणाल्या. शाळेत कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारख्या लालेलाल झाल्या होत्या. मग दुसऱ्या रांगेतले गृहस्थ खिसा चाचपायला लागले. त्यांच्या शेजारच्यांनी चष्म्याच्या डबीतून इन्सुलिनचं पेन काढलं. हळूहळू पुढून मागपर्यंत पट्ट्यांची चुरचुर ऐकू यायला लागली. आणि गंमत म्हणजे लोक एकमेकांना विचारायलाही लागले, तुमची कितीची, जेवणाआधी की नंतर, पोट बिघडतं का हो? चार वर्षांत मंडळातली माणसं पहिल्यांदाच एकमेकांशी खरं बोलत होती.

त्या हॉलमध्ये साखरेवर काहीही औषध न घेणारा मधुमेही एकच होता, आणि तो व्यासपीठावर उभा होता. आयुष्यभर दुकानदारांच्या लबाड्या पकडणाऱ्या माझ्या नवऱ्याला एवढा मोठा हॉल भरून लबाडी चाललेली कळली नव्हती. त्या क्षणी मला त्यांची दया आली. ह्या सगळ्या खोटेपणात तेवढे एकटे प्रामाणिकपणे उकडलेला दुधी खात राहिले होते. हे कठड्याला धरून खाली उतरले. नऊने पुढे होऊन खांदा दिला.

रुग्णालयाकडे निघालेल्या टॅक्सीत मी मागच्या सीटवर ह्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले. नवीन पँटचा काठ मी वर दुमडला होता. हे खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "एवढी माणसं होती. एकाने, एकाने जरी मला सांगितलं असतं."

"मी सांगत होते," मी म्हटलं. "रोज सांगत होते."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी निरागसपणे. "अगं, तू घरातली," ते म्हणाले. "मी माणसांचं म्हणतोय."

मांडीवर ह्यांचा तळवा होता, जखमेपासून दूर, टाचेकडे, तिथे मी दातओठ खाऊन असा चिमटा काढला की माझीच बोटं दुखली. हे पुन्हा खिडकीबाहेर बघत होते, ते बघतच राहिले. त्यांना काही कळलं नव्हतं.